रंग, कडवटपणा आणि संशय

काजऱ्याचे झाड कोकणात नवखे नाही. पिकली की नारिंगी होणारी गोल, मोहक फळे आणि आत बटणासारख्या चपट्या बिया. या बियांना वैद्य मंडळी कुचला म्हणतात आणि शुद्धी केल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. कारण त्यात स्ट्रिक्निन नावाचे जहाल विष असते. पेलेतिए आणि काव्हाँतू या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी ते १८१८ मध्ये वेगळे काढले. (याच जोडीने दोन वर्षांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन काढले. कडूपणाशी त्यांचे काही जुने नाते असावे!) स्ट्रिक्निन इतके कडू असते, की पाण्यात ते नावापुरते असले तरी जिभेला कळते.

१८५२ साली लंडनच्या वर्तमानपत्रांत एक बातमी आली. पॅरिसमधले रसायनशास्त्राचे नामवंत प्राध्यापक पेयाँ यांनी एका व्याख्यानात सांगितले होते, की फ्रान्समध्ये मोठ्या प्रमाणावर तयार होणारे स्ट्रिक्निन इंग्लंडला जाते आणि तिथे बिअरला कडवटपणा आणण्यासाठी ते वापरतात. रोख उघड होता. त्या काळात इंग्लंडमध्ये एकाच कडू बिअरचा बोलबाला होता. ती म्हणजे बर्टन गावची फिकट रंगाची पेल एल. अर्थात तिची कीर्ती झाली होती हिंदुस्थानात जाणारी बिअर म्हणून. लोक हादरले. रोज संध्याकाळी हौसेने पिणाऱ्याला आपल्या पेल्यात काजऱ्याचे विष आहे असे सांगितले, तर दुसरे काय होणार?

आजचे हे भाषण बिअरचे गुणगान करण्यासाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो. जे पीत नाहीत त्यांचे काही बिघडलेले नाही आणि जे पितात त्यांना माझ्या शिफारशीची गरज नाही. मला सांगायचे आहे ते वेगळेच. खाण्यापिण्याची कोणतीही वस्तू विकत घेताना साधा गिऱ्हाईक दोनच गोष्टी स्वतः पारखू शकतो, रंग आणि चव. आणि नेमक्या याच दोन गोष्टींत त्याला फसवणे सर्वांत सोपे असते. हळदीचा पिवळेपणा, तिखटाचा लालपणा, चहाचा गडदपणा यांत काय काय मिसळले जाते हे आपल्या गृहिणींना सांगायला नको. इंग्लंडमध्ये ही लढाई बिअरच्या पिंपात लढली गेली. त्या लढाईतून रंग आणि कडवटपणा मोजण्याच्या ज्या पद्धती निघाल्या, त्यांतली एक आपल्या स्वयंपाकघरातल्या तेलाच्या डब्यापर्यंत येऊन पोहोचली आहे.

आधी थोडी कृती सांगितली पाहिजे. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या घरांत ती समजायला अडचण पडू नये. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भाजायची. बिअरसाठी हेच जवाचे करतात. मोड आल्यावर दाण्यातल्या पिठाची साखर होण्याची तयारी झालेली असते. मग ते दाणे भट्टीवर वाळवले की झाले माल्ट. ते भरडून गरम पाण्यात मुरवले की गोड काढा उतरतो. तो काढा हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालून उकळायचा, निववायचा आणि यीस्टने आंबवायचा. हॉप्सची वेल भांगेच्या कुळातली, पण तिच्यात नशा नसते. असते ती कडू राळ. ही राळ काढ्याचा गोडपणा मारते आणि तो नासवणाऱ्या बऱ्याच जिवाणूंनाही रोखते. म्हणजे कडवटपणा मुळात चवीइतकाच टिकाऊपणासाठी होता. लोणच्यातल्या मिठासारखा म्हणा.

रंग मात्र कुणी ठरवून दिलेला नव्हता. तो भट्टीतल्या जळणाने ठरत असे. लाकडावर किंवा पेंढ्यावर वाळवलेले माल्ट बहुधा तपकिरी व्हायचे आणि त्याला धुराचा वास लागायचा. दगडी कोळसा तर वापरण्याची सोयच नव्हती, इतकी त्याची दुर्गंधी. सतराव्या शतकाच्या मध्यास डर्बीशायर परगण्यात लोकांनी दगडी कोळसा आधी भाजून त्याचा कोक केला. कोकची आच धगधगीत, सारखी आणि जवळजवळ बिनधुराची. तिच्यावर माल्ट हलक्या हाताने वाळवता येऊ लागले आणि त्यातून सोनेरी बिअर निघू लागली. कोक महाग, त्यामुळे हे माल्टही महाग. साहजिकच फिकट रंग ही श्रीमंती खूण ठरली. आपल्याकडे पांढरा सडीक तांदूळ जसा एकेकाळी प्रतिष्ठेचा झाला, तसाच प्रकार.

या फिकट बिअरचे खरे माहेर म्हणजे इंग्लंडमधल्या जमीनदारांचे वाडे. आज घरी बिअर करणे हा छंद समजला जातो. अठराव्या शतकात मोठ्या वाड्याला भटारखान्यासारखाच स्वतःचा बिअरखाना असायचा आणि घरचे नोकरच ती काढायचे. ऑक्टोबरात नवे माल्ट आणि नुकतेच तोडलेले हॉप्स हाताशी असत, हवा गार झालेली असे. त्या महिन्यात वर्षातली सर्वांत जोरकस बिअर काढत. तिचे नावच ऑक्टोबर. माल्ट भरपूर, हॉप्स त्याहून भरपूर, आणि मग पिंप तळघरात वर्ष, दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ मुरत ठेवायचे. वारस जन्मला की एक पिंप भरायचे आणि तो २१ वर्षांचा झाला की फोडायचे, अशीही रीत होती. ताजी ऑक्टोबर तोंडात धरवणार नाही इतकी कडू. पण कडवटपणा काळाबरोबर उतरतो. घरच्या बिअरवाल्याला हे पिढीजात ठाऊक होते. तो आजच्या जिभेसाठी नव्हे, तर दोन वर्षांनंतरच्या जिभेसाठी हॉप्स घालत असे.

या घरगुती बिअरला आणखी एक फायदा होता, तो कराचा. विकायच्या बिअरवर सरकारी कर होता. स्वतःच्या घरासाठी काढलेल्या बिअरवर तो नव्हता. माल्टवरचा आणि हॉप्सवरचा कर मात्र सगळ्यांनाच होता. १७११ पासून इंग्लंडमध्ये पिकणाऱ्या हॉप्सवर पौंडाला एक पेनी कर बसला आणि विक्रीच्या बिअरमध्ये हॉप्सऐवजी दुसरा कडू पदार्थ घालायला बंदी झाली. ही बंदी लोकांच्या आरोग्याच्या काळजीने आली असा कुणाचा समज होऊ नये. दुसऱ्या कडू पाल्यावर कर बसवता येत नव्हता, एवढेच तिचे कारण.

शहरातला गरीब माणूस मात्र कसला बिअरखाना बांधणार! तो विकतची पोर्टर प्यायचा. पोर्टर म्हणजे तपकिरी माल्टची काळपट बिअर. तिच्या रंगाची गोष्ट फार मजेदार आहे आणि ती एका काचेच्या नळीपासून सुरू होते.

दुधात पाणी किती हे पाहण्यासाठी गवळ्याच्या दुधात सोडतात तसली तरंगती नळी, हायड्रोमीटर. हॅम्पशायरमधल्या जेम्स बॅव्हरस्टॉक या तरुणाने १७७० च्या सुमारास ती बिअरच्या काढ्यात सोडून पाहायला सुरुवात केली. वडिलांना असली थेरे पसंत नव्हती, म्हणून त्याला ती लपवून वापरावी लागे. लंडनचे बडे बिअरसम्राट सॅम्युअल व्हिटब्रेड यांच्याकडे तो ती घेऊन गेला, तेव्हा त्यांनी आपला धंदा नीट सांभाळ असा उपदेश करून त्याला वाटेला लावले म्हणतात. पुढे १७८४ मध्ये जॉन रिचर्डसन यांनी या नळीवर पुस्तकच लिहिले आणि धंद्याचे डोळे उघडले. कारण नळीने एक गोष्ट निर्विवाद दाखवली. स्वस्त वाटणारे तपकिरी माल्ट खरे तर महाग पडत होते. भाजण्यात त्याचा कस जळालेला असे, आणि महागड्या फिकट माल्टमधून मात्र त्याहून बरीच जास्त साखर उतरत होती.

हिशोब कळल्याबरोबर कारखानदारांनी फिकट माल्ट वापरायला सुरुवात केली. पण मग पोर्टर काळी कशी दिसणार? गिऱ्हाइकाला काळी हवी. ती फिकी दिसली की पाणी घातले म्हणून तो ओरडणार, आणि प्रत्यक्षात ती अधिक कसदारही असू शकेल! मग जळलेली साखर आली. तिच्या आडून बरेच काही आले. १८१६ मध्ये पार्लमेंटने माल्ट आणि हॉप्सखेरीज काहीही घालायला बंदी केली. असले पदार्थ बाळगणाऱ्या बिअरवाल्याला २०० पौंड दंड, आणि ते पुरवणाऱ्या औषधविक्रेत्याला ५०० पौंड. पुरवठादाराला दुपटीहून जास्त दंड ठेवणाऱ्या त्या कायदेकर्त्यांना व्यवहार कळत होता.

औषधविक्रेते काय पुरवत होते, हे फ्रेडरिक आकुम या लंडनवासी जर्मन रसायनतज्ज्ञाने १८२० मध्ये पुस्तक लिहून चव्हाट्यावर आणले. भेसळ केल्याबद्दल शिक्षा झालेल्यांची नावेच त्याने छापली. कडवटपणासाठी क्वाशिया नावाचे वेस्ट इंडिजकडचे लाकूड. आणि झिंग वाढवण्यासाठी, म्हणजे पाणी घातलेले कळू नये म्हणून, काकमारी. होय, तीच आपल्या पश्चिम घाटातली, मलबारातली काकमारी. तिच्या फळांची पूड डोहात टाकली की मासे गुंगून वर येतात. ती फळे जहाजाने इंग्लंडला जात होती आणि लंडनच्या हमालांच्या पेल्यात उतरत होती. आकुमचे पुढे काय झाले? एका वाचनालयातल्या पुस्तकांची पाने फाडल्याचा आरोप त्याच्यावर झाला आणि तो इंग्लंड सोडून गेला. त्याने ज्यांची नावे छापली होती, त्यांनी त्या दिवशी सुटकेचा निःश्वास टाकला असणार.

रंगाच्या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर सापडले. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर याने कॉफी भाजतात तशा फिरत्या पिंपात माल्ट काळेकुट्ट भाजण्याचे पेटंट घेतले. सगळे माल्ट तपकिरी करण्याची गरज उरली नाही. सगळा कस फिकट माल्टमधून घ्यायचा आणि रंगासाठी चिमूटभर काळे माल्ट टाकायचे. रंग आणि कस यांची पहिल्यांदाच फारकत झाली. रंग हा आता जळणाचा योगायोग न राहता बिअरवाल्याच्या हातातला निर्णय झाला. आज कुठेही बिअर करणारा माणूस रंग जुळवतो, तो याच वाटेने.

आता आपल्याकडे येऊ. लंडनच्या पूर्वेला, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे लागत त्या ब्लॅकवॉलच्या धक्क्यापासून जवळच, बो या भागात हॉजसन घराण्याचा बिअरचा कारखाना होता. तो सुरू झाला १७५२ मध्ये. कंपनीच्या कप्तानांना स्वतःच्या व्यापारासाठी जहाजात थोडी जागा मिळे. हॉजसन त्यांना वर्षा-दीड वर्षाच्या उधारीवर माल देत. मुंबईत, मद्रासेत, कलकत्त्यात माल विकून कप्तान परत येणार आणि मग पैसे फेडणार. हिंदुस्थानात हॉजसनचे नाव झाले ते मुख्यतः जवळचा धक्का आणि लांबची उधारी यांमुळे.

इथे एक लोकप्रिय दंतकथा आहे. साधी बिअर लांबच्या प्रवासात नासे, म्हणून हॉजसनने डोके लढवून हिंदुस्थानसाठी मुद्दाम जास्त जोरकस, जास्त कडू अशी नवी बिअर शोधली, असे ती सांगते. गोष्ट छान आहे, पण तिला पुरावा नाही. मार्टिन कॉर्नेल या इंग्रज अभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रे आणि दप्तरे चाळून ती मोडीत काढली. उष्ण देशांत जाणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालावेत, हा सल्ला १७६० च्या दशकातच धंद्यात रूढ होता. पोर्टरही इकडे येऊन नीट टिकत होती, आणि भरपूर येत होती. गोरे शिपाई तीच पीत, पेल एल साहेबांच्या टेबलावर असे. १८२२ मधल्या कलकत्त्याच्या एका जाहिरातीत हॉजसनचा माल अस्सल ऑक्टोबरचा असल्याचे म्हटले आहे. म्हणजे आली ती तीच वाड्यातली जुनी घरगुती बिअर! ‘इंडिया’ हे नाव तर तिला बरेच उशिरा चिकटले. छापील मजकुरात त्याचा आतापर्यंत सापडलेला जुना उल्लेख १८२९ मधला आहे, आणि तोही ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या वर्तमानपत्रात.

दंतकथा गेल्याचे मला तरी दुःख नाही, कारण खरी हकीकत जास्त सुरस आहे. जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायचे, विषुववृत्त दोनदा ओलांडायचे. चार ते सहा महिने पिंपे जहाजाच्या पोटात हिंदकळत, तापत. तळघरात दोन वर्षांत होणारे मुरणे समुद्रावर काही महिन्यांत होई. निघतानाचा उग्र कडवटपणा मुंबईच्या बंदरात उतरेपर्यंत मवाळ झालेला असे. वाड्यातल्या नोकराने दोन वर्षांनंतरची जीभ डोळ्यांपुढे ठेवून घातलेले हॉप्स समुद्राने सत्कारणी लावले, एवढेच.

हॉजसन मंडळींना पुढे मस्ती आली. त्यांनी उधारी बंद केली, भाव वाढवले आणि स्वतःच जहाजावर माल चढवून कप्तानांचा नफा मारायला सुरुवात केली. दुखावलेल्या कंपनीचे एक संचालक मार्जोरीबँक्स यांनी १८२२ मध्ये बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉप यांना जेवायला बोलावून हॉजसनची बाटली पुढे ठेवली आणि अशी बिअर करून द्याल का म्हणून विचारले. ऑलसॉप यांचा रशियातला व्यापार तिथल्या जकातीने नुकताच बुडाला होता. त्यांनी बाटली गावी नेली. त्यांच्या जुन्या जाणत्या माणसाने, जॉब गुडहेडने, एक घोट घेतला आणि तो कडू म्हणून थुंकून टाकला; मग पहिला नमुना त्याने चहाच्या किटलीत करून पाहिला, अशी गोष्ट सांगतात. किटलीची गोष्ट तिखटमीठ लावलेली असेल. १८२३ मध्ये ऑलसॉपचा माल हिंदुस्थानला निघाला, हे मात्र खरे. त्यामागोमाग बासही आले.

बर्टनला यश मिळाले त्याचे श्रेय तिथल्या विहिरींना. त्या पाण्यात जिप्सम भरपूर, म्हणजे ज्याचे आपण प्लास्टर ऑफ पॅरिस करतो तेच. असल्या पाण्यात माल्टचा रंग कमी उतरतो आणि हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ लागतो. लंडनच्या पाण्यात जे जमत नव्हते, ते बर्टनला आपोआप साधले. १८३९ मध्ये त्या गावात रेल्वे आली, १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला. कथलाच्या मिश्र धातूचे मग जाऊन काचेचे पेले आले. मगातल्या बिअरचा रंग कोण बघत होते? काचेत तो चमकू लागला आणि जे चमकते त्याकडे संशयाने पाहणारेही वाढले.

तर असा हा १८५२ सालचा संशय. ऑलसॉप घराण्याने त्यावर केले ते त्या काळाच्या मानाने नवलाचे होते. नुसता इन्कार न करता त्यांनी थॉमस ग्रॅहम आणि ए. डब्ल्यू. हॉफमन या दोन अव्वल रसायनतज्ज्ञांना पाचारण केले. दोघांनी बिअरचे नमुने घेतले. आधी एका नमुन्यात स्वतःच मोजून स्ट्रिक्निन मिसळले, प्राण्यांच्या हाडांच्या कोळशाने ते शोषून घेतले, त्या कोळशातून अल्कोहोलने परत काढले आणि रसायन टाकून जांभळा रंग येतो हे दाखवले. म्हणजे विष असते तर आमच्या हाती लागलेच असते. मग अस्सल नमुने तपासले. त्यांत काही नव्हते. शिवाय त्यांनी साधा हिशोबही मांडला. बर्टनची सगळी बिअर कडू करायला जितके स्ट्रिक्निन लागेल, तितके त्या काळी साऱ्या जगातही तयार होत नव्हते. हा हिशोब एखाद्या संपादकालाही आधी करता आला असता! अहवाल छापला गेला. जर्मनीतल्या लीबिग यांचेही प्रशस्तिपत्र आले आणि ऑलसॉपने ते सगळे जाहिरातीत झळकवले. विषाच्या आळाने बिअर बुडाली नाहीच, उलट तिचा खप वाढला.

पण एक प्रश्न राहिलाच होता. विष नाही हे सिद्ध झाले. कडवटपणा आहे तरी किती, हे कोण सांगणार? रंग नेमका कोणता, हे कसे सांगणार?

रंगाचे उत्तर जोसेफ लव्हिबॉन्ड यांनी दिले. ते सॉल्सबरीचे बिअर कारखानदार. आपल्या मालाचा रंग रोज सारखा राहावा म्हणून त्यांनी तुलनेसाठी रंगीत पाणी करून ठेवले, ते विटले. मग सॉल्सबरीच्या कॅथीड्रलमधल्या रंगीत काचा पाहताना त्यांना सुचले, की शतकानुशतके न विटणारा रंग काचेत असतो. लाल, पिवळ्या, निळ्या काचांच्या पातळ पट्ट्या, प्रत्येकीला आकडा. नमुन्याशेजारी त्या लावत जायच्या आणि रंग जुळला की आकडा वाचायचा. १८८५ मध्ये त्यांचा ‘टिंटोमीटर’ तयार झाला. आज माल्टच्या पोत्यावर रंगाचा आकडा लव्हिबॉन्ड अंशांत लिहिलेला असतो. आणि मघाशी म्हटले तो तेलाचा डबा? शेंगदाण्याच्या, करडईच्या तेलाची भारतीय मानके पाहा. रंगाची मर्यादा तिथेही लव्हिबॉन्डच्या मापातच दिलेली आहे.

कडवटपणाला त्याहून वेळ लागला, कारण जीभ डोळ्याइतकी शिस्तीत चालत नाही. हॉप्सच्या प्रत्येक पोत्यात राळ वेगळी. डब्लिनच्या गिनेस कारखान्यात विल्यम गॉसेट नावाचा तरुण मोजक्या नमुन्यांवरून असल्या कच्च्या मालाबद्दल किती खात्रीने बोलता येईल, याचे गणित मांडत होता. १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्याने जो निबंध छापला, त्यातली ‘टी’ चाचणी आज संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ करावी लागते. राळेतली आम्ले उकळल्यावर रूप बदलतात आणि मगच ती काढ्यात उतरून कडू लागतात, हे हळूहळू उलगडले. १९५० च्या दशकात अतिनील प्रकाश किती शोषला जातो यावरून ती मोजण्याची रीत बसली. एका लिटरमध्ये साधारण एक मिलिग्रॅम आम्ल म्हणजे कडवटपणाचा एक अंक.

हे सगळे आकडे आज सर्वांत हौसेने कोण वापरतो? घरी बिअर करणारा. मध्यंतरी तो जवळजवळ संपला होता. विल्यम कॉबेटने १८२१-२२ मध्ये मजुरांना घरी बिअर काढायला शिकवणारे पुस्तक लिहिले. त्यात चहाला शिव्या घातल्या, माल्ट आणि हॉप्सवरच्या करांना त्याहून जास्त. पण वाडे मोडले, मजूर गिरणीत गेले. १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा कर काढून तो थेट बिअरवर आणला आणि घरी काढणाऱ्यालाही परवाना लागू लागला. तो परवाना ब्रिटनमध्ये १९६३ साली उठला. अमेरिकेत कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला पुढच्या वर्षीपासून मोकळीक दिली, आणि तिथल्या हौशी मंडळींनीच विस्मरणात चाललेल्या इंडिया पेल एलला पुन्हा उभे केले. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय घरी बिअर काढणे गुन्हा आहे, हे श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. पुण्यात आणि मुंबईत आता जागेवर बिअर गाळणाऱ्या परवानाधारक जागा आहेत, ती गोष्ट निराळी.

जुनी जोरकस फिकट बिअर करू पाहणाऱ्या या हौशी माणसापुढे पहिली अडचण रंगाची येते. वीस लिटर बिअरला आठेक किलो फिकट माल्ट लागते. जितके माल्ट जास्त, तितका काढा आपोआप गडद. तो तासन्तास आटवला, तर बासुंदीसारखा आणखी तांबूस होतो. त्यात व्हीलरच्या पद्धतीचे काळे माल्ट नुसते शंभर ग्रॅम पडले, तरी रंगाचा आकडा दुपटीवर जातो आणि सोनेरीची तपकिरी होते. उलट फिकी हवी असेल तर थोड्या माल्टच्या जागी साखर घालायची. इंग्लंडमध्ये कारखान्यांना ती मुभा १८४७ पासून आहे.

कडवटपणाचा हिशोब त्याहून फसवा. दहा टक्के आम्ल असलेले पन्नास ग्रॅम हॉप्स वीस लिटर बेताच्या काढ्यात तासभर उकळले, तर कडवटपणा सुमारे ५८ अंक येतो. तेच हॉप्स, तितकाच वेळ, पण काढा जोरकस असेल, तर आकडा ४० च्या आसपास घसरतो. दाट काढ्यात राळ नीट उतरत नाही. शिवाय साखर जास्त, त्यामुळे तेवढा आकडाही जिभेला गोडसरच वाटतो. म्हणून हॉप्स दुहेरी वाढवावे लागतात. वाड्यातला नोकर ते का वाढवतोय हे सांगू शकला नसता, पण वाढवत होता.

आणि ऑक्टोबरच्या जुन्या कृत्या जशाच्या तशा करायला गेले, की गणित तिथेच अडते. हॉप्स किती पौंड घातले ते वहीत लिहिलेले असते. त्या पोत्यातल्या हॉप्समध्ये आम्ल किती टक्के होते ते कुठेच नसते, कारण मोजायला कुणी नव्हते. मग जाणकार अंदाजाने पाच टक्के धरतात, आकडा शंभराच्या पुढे जातो, आणि पहिल्या घोटाला चेहरा जॉब गुडहेडसारखा होतो. ते पिंपावर तारीख घालतात आणि पुढच्या ऑक्टोबरपर्यंत थांबतात.